पेनाच्या छिद्रात अचूकतेची कसोटी
हाताने घडविलेल्या ॲल्युमिनिअमच्या पेनाचे भवितव्य त्याच्या छिद्रावर अवलंबून असते. छिद्र किंचित तिरपे गेले, तरी पेनाची भिंत एका बाजूस पातळ होते आणि सारी मेहनत वाया जाते. हे टाळण्यासाठी दांडी लेथच्या चकमध्ये फिरती ठेवून, न फिरणारे ड्रिल तिच्यात सरळ सरकवितात. तत्पूर्वी दांडीचे टोक सपाट करून सेंटर ड्रिलने मध्यभागी लहानसा खळगा पाडला जातो. ॲल्युमिनिअम मऊ असल्याने त्याचा कीस ड्रिलला चिकटतो. म्हणून केरोसीनचे थेंब सोडावे लागतात आणि ड्रिल वारंवार बाहेर काढून कीस ब्रशने झटकावा लागतो. ७ मिलिमीटरचे छिद्र हवे असल्यास ते आधी थोडे लहान पाडून रीमरने नेमक्या मापाचे करतात.