मंत्राची देहाने चुकवलेली किंमत

काल्पनिक कथेतील जादूलाही नियम असावेत ही अपेक्षा आज रूढ झाली असली, तरी इंग्रजी अद्भुतकथेत ती स्थिरावण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला, आणि नियमांचा पहिला आराखडा आला तो मानववंशशास्त्रातून. जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात जादूविषयक समजुतींची दोन तत्त्वे मांडली : साधर्म्य, म्हणजे प्रतिकृतीवर केलेली क्रिया मूळ वस्तूवर घडते ही समजूत; आणि संसर्ग, म्हणजे एकदा एकत्र आलेल्या वस्तू विलग झाल्यावरही परस्परांशी बांधलेल्या राहतात ही समजूत. १९४० मध्ये ‘अननोन’ मासिकातील ‘द रोअरिंग ट्रम्पेट’ या कथेत डी कॅम्प आणि प्रॅट या लेखकद्वयाने हीच तत्त्वे पदार्थविज्ञानाच्या नियमांसारखी राबवली.

जादू कशी चालते हे त्यामुळे सांगता आले. ती चालवणाऱ्याच्या देहाचे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. शापाने तपोबल खर्ची पडते हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. ती पुढे भरून येऊ लागली : अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत तरुण मांत्रिक गेड गर्वाने मृतात्म्याला बोलावतो, तेव्हा त्याचा चेहरा कायमचा विद्रूप होतो आणि उघडलेले द्वार बंद करताना त्याच्या वृद्ध गुरूंची शक्ती संपून ते मरण पावतात.

निर्णायक पाऊल लॅरी निव्हेन यांचे मानावे लागते. मेलानेशियातील लोकांच्या श्रद्धांतून अभ्यासकांनी उचललेली ‘मना’ ही अदृश्य शक्तीची संज्ञा त्यांनी १९६९ च्या ‘नॉट लाँग बिफोर द एंड’ या कथेत घेतली आणि ती शक्ती खनिजासारखी संपणारी आहे असे ठरवले. तेथील मांत्रिक धातूची तबकडी मंत्राने अधिकाधिक वेगाने फिरवत ठेवतो, त्यात परिसरातील सारी मना जळून जाते, आणि मंत्रानेच राखलेले त्याचे तारुण्य ओसरून दोनशे वर्षांचे वार्धक्य त्याला क्षणात गाठते. येथे दुष्परिणाम ही नीतिकथेतील शिक्षा नाही; तो त्याच नियमाचा हिशेब आहे, आणि सुसंगती म्हणतात ती हीच.

ब्रँडन सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’ (२००६) मध्ये हा हिशेब थेट पोटात उतरतो. पात्रे धातूंचे कण गिळून ते शरीरात ‘जाळतात’. कथील मुख्य असलेल्या प्यूटर या मिश्रधातूने बळ येते, परंतु त्या बळावर विश्रांतीविना धावणाऱ्याचा साठा संपला, की दडपलेला थकवा एकदम उसळतो आणि त्यात प्राणही जाऊ शकतो.