फोनवरून होणारी ओळखीची चोरी

'आपल्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डाचा गैरवापर झाला आहे,' असा दूरध्वनी येतो आणि थोड्याच वेळात पोलिसी गणवेशातील व्यक्ती व्हिडिओ कॉलवर अवतरते. 'डिजिटल अटक' अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तरीही सुशिक्षित माणसे फसतात, कारण समोरच्याकडे त्यांचे नाव, पत्ता आधीच असतो. ही माहिती म्हणजे अधिकारीपणाचा पुरावा नव्हे. ओळखपत्रांच्या झेरॉक्स प्रती आपणच ठिकठिकाणी देत असतो.

पैसे गेल्यावरही प्रकरण संपत नाही. हाती लागलेल्या कागदपत्रांवर नवी सिमकार्डे, कर्जे घेतली जातात. दूरसंचार विभागाच्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावावरील मोबाइल जोडण्या तपासता येतात. अनोळखी क्रमांक तेथेच कळवावा. आधारचे बायोमेट्रिक 'लॉक' करण्याचीही सोय आहे.

फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावे, म्हणजे रक्कम पुढे वळण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता राहते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला दंडक कठोर आहे : ग्राहकानेच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे.