संथ होडीचा हिशेब

हीथ्रोला उतरताना खिडकीची जागा मिळाली असेल, तर शेवटच्या काही मिनिटांत खाली मोठमोठे जलाशय दिसतात. लंडनच्या नळांना येणारं पाणी इथे साठवलेलं असतं. त्यातला क्वीन मेरी जलाशय 1925 चा, क्वीन मदर 1976 चा. रविवारी या पाण्यावर शिडांचे ठिपके फिरत असतात. त्या डिंग्या. इंजिन नाही, केबिन नाही, एक-दोन शिडं आणि एक-दोन माणसं. 'डिंगी' हा शब्द इंग्रजीत गेला तोही आपल्याकडूनच, हिंदी-बंगालीतल्या लहान होडीच्या नावावरून.

स्लाव किंवा हाउन्स्लोला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे पाणी फार लांब नाही. तरी 'सेलिंग' म्हटलं की घरात एक उत्तर ठरलेलं असतं: श्रीमंतांचा खेळ, आपलं काम नाही. या समजुतीला इतिहास आहे. फक्त तो अर्धाच खरा आहे, आणि कुठला अर्धा खरा हे बघण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी शर्यतीची होडी म्हणजे कुशल कारागिराकडून बांधून घेतलेली महाग वस्तू. युद्धाने हे चित्र बदललं, तेही आडवाटेने. लाकडी विमानं बांधताना प्लायवूड आणि पाण्यात न सुटणारा गोंद यांचं तंत्र पुढे गेलं होतं. युद्ध संपल्यावर हेच तंत्र होड्यांकडे वळलं. उफा फॉक्सने आखलेली 'फायरफ्लाय' 1946 मध्ये विमानांच्या तंत्राने साच्यावर घडू लागली. 1948 च्या ऑलिम्पिकमध्ये टॉर्कीला याच होडीत वीस वर्षांच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने पहिलं सुवर्णपदक जिंकलं.

पुढची पायरी म्हणजे होडी घरीच बांधायची. 1956 मध्ये 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या पाठबळावर जॅक होल्टने आखलेली निळ्या शिडांची 'एंटरप्राइझ' आली. 1963 मध्ये 'डेली मिरर'ने लाल शिडांची 'मिरर' आणली. तिच्यामागे पुन्हा जॅक होल्ट होता, आणि सोबत टीव्हीवर घरकाम शिकवणारा बॅरी बकनेल. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. सुतारकाम येत नसलं तरी चालेल. किंमत 63 पौंड 11 शिलिंग. त्या काळी कारखान्यातल्या कामगाराला हे साधारण चार आठवड्यांच्या पगाराएवढं. स्वस्त नव्हे, पण अशक्यही नाही. पुढे 70,000 हून जास्त मिरर बांधल्या गेल्या.

आता प्रश्न आला वेगळाच. क्लबवर रविवारी येणार कोण? एकाची एंटरप्राइझ, दुसऱ्याची मिरर, तिसऱ्याची फायरफ्लाय. एकसारख्या होड्यांची शर्यत लावायला प्रत्येक प्रकारच्या पुरेशा होड्या नाहीत, आणि सगळ्यांना एकत्र सोडलं तर लांब, हलकी होडी दरवेळी पुढे. त्याआधी कोणाला किती सवलत द्यायची हे बऱ्याच क्लबांत समिती अंदाजाने ठरवायची. अंदाज आला की कुरकुर आलीच.

पोर्ट्समथजवळच्या लँगस्टन सेलिंग क्लबच्या एस. झिलवुड मिलेज यांनी 1947 च्या सुमारास यावर काम सुरू केलं. कल्पना साधी होती. होडीची लांबी-रुंदी मोजत बसू नका. क्लबांच्या खऱ्याखुऱ्या शर्यतींचे निकाल गोळा करा आणि तेच अंतर कापायला कुठल्या होडीला किती वेळ लागतो ते बघा. त्यातून प्रत्येक प्रकाराला एक आकडा मिळाला. आकडा मोठा म्हणजे होडी संथ. हीच 'पोर्ट्समथ यार्डस्टिक'.

गणित कागदावर करून बघा. आजच्या हिशेबात लेझरचा आकडा साधारण 1100, मिररचा साधारण 1390. लेझरने शर्यत 55 मिनिटांत संपवली, मिररने 69 मिनिटं 30 सेकंदांत. प्रत्यक्ष वेळेला 1000 ने गुणा आणि त्या होडीच्या आकड्याने भागा. दोघांचंही उत्तर येतं बरोबर 50 मिनिटं. म्हणजे बरोबरी! बापलेकीची घरी बांधलेली मिरर किनाऱ्याला लागली तेव्हा लेझरवाला कपडे बदलून चहा घेत असेल, पण मिरर आणखी दहा सेकंद आधी आली असती तर शर्यत तिची होती.

हे आकडे कुणा तज्ज्ञाने वरून दिलेले नाहीत. शेकडो क्लबांतल्या लोकांनी आपले निकाल नोंदवले, पाठवले, आणि त्यातून ते दरवर्षी सुधारले जातात.

सीझनचे बाकीचे नियमही याच वृत्तीचे. साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात, उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत असतो म्हणून मधल्या वारी संध्याकाळच्या शर्यती, आणि काही क्लबांत कडाक्याच्या थंडीतही एक मालिका. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो विजेता. पण सगळ्या शर्यती धरत नाहीत. समजा बारा झाल्या, तर उत्तम सातच मोजायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. किती सोडायच्या ते प्रत्येक क्लब ठरवतो. ज्याची रविवारी शिफ्ट असते किंवा ज्याचं मूल आजारी पडतं, तोही यामुळे सीझनमध्ये टिकून राहतो. शर्यत घेणंही सभासदांचंच काम. ठरलेल्या रविवारी तुमची पाळी आली की तुम्ही शर्यत करायची नाही. घड्याळ धरायचं, झेंडे चढवायचे, नाहीतर बचावाच्या बोटीत बसून उलटलेल्यांना हात द्यायचा. पाण्यावर बहुतेक वेळा पंच नसतो. खुणेच्या बोयाला होडी लागली तर कोणी बघितलं नसलं तरी आपणच एक गोल वळसा घेऊन शिक्षा भोगायची.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल, झालं, खेळ सगळ्यांचा झाला. पण शर्यतीच्या आधी एक दार होतं. क्लबात शिरायला एका सभासदाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं आणि समितीने निवडायचं, ही बऱ्याच ब्रिटिश क्लबांची रीत. हे दार कुणासाठी उघडायचं याला कुठलंच गणित नव्हतं.

1965 चा रेस रिलेशन्स ॲक्ट हॉटेल, थिएटर, बस अशा सार्वजनिक जागांपुरता होता. 1968 च्या कायद्यात घर आणि नोकरी आली. खासगी क्लबांचं काय? पूर्व लंडनमधल्या एका कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबने एका भारतीयाला सदस्यत्व नाकारलं, आणि कारण रंग होतं. तो माणूस त्याच पक्षाचा सदस्य होता. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. 1973 मध्ये निकाल लागला क्लबच्या बाजूने: खरोखर निवड करून सभासद घेणारा क्लब हा कायद्याच्या अर्थाने 'जनतेचा भाग' नाही, म्हणून हा कायदा तिथे लागू नाही. 25 किंवा त्याहून जास्त सभासदांच्या क्लबांना असा भेदभाव करायला बंदी आली ती 1976 च्या कायद्याने.

ही पळवाट बुजवायला लावणारा खटला सेलिंग क्लबचा नव्हता, पण पळवाट सगळ्याच खासगी क्लबांना खुली होती. म्हणजे 1963 मध्ये इथे आलेल्या एखाद्या मराठी इंजिनिअरने मिररचा संच घेतला असता, गॅरेजमध्ये होडी जोडली असती, तिचा आकडाही तक्त्यात तयार मिळाला असता. तरी पुढची तेरा वर्षं त्याच्या रंगाकडे बोट दाखवून 'नाही' म्हणायची मुभा क्लबला कायद्याने होती. आपल्या आजोबांच्या पिढीने 'आपलं काम नाही' म्हटलं, त्यातला खरा अर्धा भाग हा.

असं दार मुंबईनेही पाहिलं होतं. 1846 मध्ये सुरू झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब ब्रिटिश काळात युरोपियनांचा होता. पाणी मुंबईचं, सीझनही मुंबईचा, कारण तिथे पावसाळ्यात होड्या वर काढून ठेवायच्या आणि पाऊस सरला की शर्यती सुरू करायच्या. पण शिडाखाली बसणारे वेगळे. 1982 च्या आशियाई खेळांच्या सेलिंग शर्यती याच मुंबईच्या समुद्रात झाल्या. प्लायवूडच्या त्याच पिढीतली एक होडी तिथे होती, पीटर मिल्नने 1962 मध्ये आखलेली 'फायरबॉल'. तिच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी.

त्यामुळे पुढच्या वेळी घरात 'श्रीमंतांचा खेळ' असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका. त्यांना 1963 आणि 1976 हे दोन्ही आकडे सांगा. आणि जवळच्या क्लबवर वसंतात शिकाऊंसाठी खुला दिवस असेल, तर जाऊन या. पहिल्या सीझनला बहुतेक वेळा तुम्ही शेवटचे याल. त्यातल्या सगळ्यात वाईट शर्यती मोजल्या जात नाहीत.