धृती

मन, प्राण आणि इंद्रिये यांचे व्यापार एकदा ठरविलेल्या मार्गावर दीर्घकाळ धरून ठेवणारे जे अंतःकरणाचे सामर्थ्य, त्यास भारतीय अध्यात्मशास्त्रात धृती म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात धर्माची दहा लक्षणे सांगताना हिला अग्रस्थान दिले आहे. क्षमा, दम, अस्तेय, शौच आदी लक्षणे तिच्या मागून येतात, आणि तो क्रम सार्थच म्हटला पाहिजे, कारण उरलेले गुण दुसऱ्या दिवशीही शाबूत राखण्याची जबाबदारी अखेर हिच्यावरच येऊन पडते.

कठोपनिषदातील नचिकेत्याचे आख्यान हा या गुणाचा एक फार जुना आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत सुंदर दाखला होय. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या या कुमाराने तिसऱ्या वराच्या रूपाने मरणोत्तर स्थितीचे रहस्य विचारले, तेव्हा यमाने त्याच्यापुढे शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सुवर्ण, विस्तीर्ण भूमी आणि हवे तितके आयुष्य मांडले. परंतु ही सारी वैभवे उद्यापर्यंतचीच असून इंद्रियांचे तेज तेवढे झिजवून टाकतात, असे शांतपणे सांगून त्याने आपला प्रश्न कायम ठेवला. पुढे यमच त्याला ‘सत्यधृती’ म्हणून गौरवितो. या प्रसंगात नचिकेता कोठेही दात-ओठ खात नाही, मोहाशी झुंजत नाही; त्याला वस्तूंचे मोल उमगलेले आहे, आणि त्या उमजेतूनच त्याची दृढता आपोआप निष्पन्न होते.

केवळ चिकाटीला सद्गुण मानण्याची चूक प्राचीनांनी केली नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन भेद केले आहेत. योगाच्या बळावर मन, प्राण व इंद्रिये यांच्या क्रिया आवरून धरते ती सात्त्विक. फळाची आस ठेवून धर्म, अर्थ व काम यांना कवटाळते ती राजस. आणि निद्रा, भय, शोक, विषाद व मद यांना जी सोडीत नाही ती तामस. या तिसऱ्या भेदाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे जोपासलेले दुःख किंवा उराशी बाळगलेला गर्व यांनाही एक प्रकारचे निश्चयबळच लागते, ही मनोव्यापाराची फार मार्मिक पारख आहे. सात्त्विक धृतीवर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी सूर्योदयाबरोबर अंधार व चोरी दोन्ही थांबतात आणि राजाज्ञेने गैरव्यवहार बंद पडतो, असे दृष्टांत दिले आहेत. म्हणजे त्यांच्याही दृष्टीने इंद्रियांची धाव थांबते ती अंतरात उगवलेल्या प्रकाशाने आणि अधिकाराने. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त व्यवसायात्मक (निश्चय करणारी) व वासनात्मक (इच्छा करणारी) अशा दोन बुद्धी वेगळ्या दाखविल्या, आणि पहिली शुद्ध व स्थिर झाल्यावाचून दुसरीचे शोधन होत नाही, असे प्रतिपादिले.

ही धृती अंगी बाणावी कशी, या प्रश्नावर पतंजलीचे उत्तर ‘अभ्यास’ हे आहे, आणि अभ्यासाची भूमी दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, अखंडता व आदर या तीन बाबी त्याने आवश्यक मानल्या आहेत. पैकी आदराचा उल्लेख सहसा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः रुक्षपणे ओढलेला नेम फार दिवस चालत नाही, हा सर्व साधकांचा अनुभव आहे. प्रत्यक्ष आचारात मात्र बहुतेक संप्रदायांनी निश्चयाला निराकार ठेवले नाही. त्याला मुदत, संख्या किंवा स्थळ यांची हद्द आखून दिली. जैन श्रावकाचे ‘नवकारशी’ हे प्रत्याख्यान (त्यागाचा संकल्प) सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, अन्नपाणी न घेण्याइतकेच लहान असते. पण ते मनात योजून, उच्चारून स्वीकारलेले असते. मुसलमानांच्या रोजाला नियत, म्हणजे मनातील संकल्प, अवश्य मानली आहे, आणि सूफी साधकांचा चिल्ला चाळीस दिवसांच्या एकांतवासाचा असतो. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने तर एका वेळी एकच दोष हाती घेऊन, दिवसातून दोनदा त्याची झडती घेऊन, झालेल्या चुकांचे ठिपके रेघेवर मांडीत जाण्याची वहिवाट घालून दिली. आत्म्याचा हा जमाखर्चच होय. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. हिशेब केला तर हे प्रमाण दररोज सुमारे तीस हजार पडते. गळ्यात तुळशीची माळ घेतलेल्या वारकऱ्याचे एकादशीचे व वारीचे व्रत याच जातीचे आहे. पाऊस असो वा पेरणी खोळंबलेली असो, आषाढीला पंढरीस जायचे की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही. एकदा केलेला निश्चय त्याला दरवर्षीच्या विचारविनिमयातून मोकळा करतो.

अतिरेकाविषयी इशारे मात्र सर्वत्र आढळतात. शरीराला पिळून काढणारे घोर तप गीतेने आसुरी ठरविले. राजगृहाच्या सीतवनात चंक्रमण करता करता, म्हणजे येरझाऱ्या घालीत ध्यान करता करता, ज्याचे तळपाय रक्तबंबाळ झाले, तो सोण नावाचा भिक्षू निराश होऊन घरी परतण्याच्या विचारात असताना, तो पूर्वाश्रमी वीणा वाजवीत असे हे जाणून बुद्धांनी त्याला फार ताणलेल्या आणि फार सैल तारांची आठवण दिली व वीर्याची, म्हणजे प्रयत्नाची, समता साधण्यास सांगितले.

बौद्ध स्थविरवादात धृतीशी सर्वांत जवळची कल्पना अधिष्ठानाची, म्हणजे दृढ निश्चयाची, असून दहा पारमितांमध्ये (पूर्णत्वास न्यावयाच्या गुणांमध्ये) ती आठवी आहे. मैत्री व उपेक्षा या पारमिता तिच्या लगेच पाठोपाठ येतात. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आणलेली विपश्यनेची साधना इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिकविली जाते. तेथील दहा दिवसांच्या शिबिराच्या उत्तरार्धात दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी एक तास, हात-पाय न हलविता व डोळे न उघडता बसण्याच्या नियमास अधिष्ठान हेच नाव आहे. गुडघ्यात कळ उठली की साधकाला ती दाबण्यास किंवा तिच्याशी लढण्यास सांगत नाहीत. ती उठते, पालटते व विरते एवढे समतेने पाहत तास पुरा करण्यास सांगतात.