देवकीनंदन गोपाला
गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) चरित्रावरील मराठी चित्रपट (१९७७). राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात महाराजांची भूमिका श्रीराम लागू यांनी केली. महाराजांच्या कीर्तनातील नामघोषच शीर्षकासाठी घेतला आहे. नास्तिक म्हणून ख्यात असलेल्या नटाकडे संताची भूमिका यावी, हे देवळापेक्षा धर्मशाळेवर खर्च करणाऱ्या या संताच्या बाबतीत विसंगत ठरत नाही. चिंध्यांचा अंगरखा आणि हाती खराटा हे रूप सर्वपरिचित आहे. त्याचा उगम मात्र वऱ्हाडातील एका पोरक्या मुलाच्या हालअपेष्टांत शोधावा लागतो.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेणगावी परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील (जि. अकोला) दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबूजी गुरे राखू लागला व शेतात राबू लागला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही.

त्या काळी वऱ्हाडात राज्यकर्ता दूर होता. गावात हुकूमत चाले ती सावकाराची. १८५३ मध्ये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) कापसाचे भाव कडाडले व पुढे लोहमार्गही आला. नव्या जमाबंदीने जमिनीवरील खातेदाराचा हक्क विक्रीयोग्य ठरला, त्यामुळे ती गहाण ठेवून कर्ज मिळू लागले. भाव कोसळले तेव्हा कर्ज तेवढे उरले. दख्खनच्या दंग्यांनंतर झालेला १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांपुरताच होता. वऱ्हाडी कुणब्याला त्याचा आधार नव्हता. डेबूजीचे मामा चंद्रभान याच फासात सापडले. फेडीच्या पावत्या नसल्याने जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धसक्याने मामांचा अंत झाला, असे चरित्रकार सांगतात. पुढे जमिनीचा ताबा घेण्यास आलेल्या सावकाराच्या माणसांना तरुण डेबूजीने एकट्याने अडविले.

१९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. ऋण काढून सण-लग्ने करू नका, दारूला शिवू नका, घरातली भांडी विकावी लागली तरी मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनांचा आशय दापुऱ्यातील अनुभवांतूनच आलेला दिसतो. अध्यात्माची परिभाषा त्यांत फारशी नसे. श्रोत्यांना प्रश्न विचारून, वऱ्हाडी बोलीत, ते त्यांच्याच तोंडून उत्तर वदवीत. चरित्रपटाच्या आटोपशीर चौकटीत सावकारीच्या अर्थकारणाला पुरेशी जागा मिळणे कठीणच. परंतु ते ठाऊक असल्याखेरीज त्या प्रश्नांची धार कळत नाही.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.