शाकारणी : जव्हार-मोखाड्याच्या घरांचा न लिहिलेला इतिहास (धागा)

१/ जव्हारचे नाव निघाले की मुकणे घराणे, शिरपामाळ आणि जयविलास राजवाडा आठवतो. पण या संस्थानची बहुसंख्य प्रजा ज्या घरांत राहिली, त्या कुडाच्या घरांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. तो प्रामुख्याने बांधकामाचा इतिहास नव्हे. दरवर्षीच्या पाहणीचा आणि दुरुस्तीचा आहे.

२/ सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या या पठारी मुलखात बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने कोरडे. घराला आधी पाणी सोसावे लागते, मग कडक ऊन. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची घरे याच दुहेरी माऱ्याला दिलेले उत्तर होते.

३/ सांगाडा लाकडी मेढींचा. मेढींवर आढे, आढ्यावर वासे, वाशांवर बांबू आणि गवत. भिंत म्हणजे कूड : उभ्या कारवीच्या काठ्या आडव्या बांबूच्या कामट्यांना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. छपराचा भार मेढी पेलतात, भिंत फक्त आडोसा देते. म्हणूनच कूड खराब झाला तरी घर न उतरवता तेवढाच बदलता येतो.

४/ ही पद्धत किती जुनी? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांचे अवशेष सापडले. लाकूड केव्हाच नष्ट झाले होते. जमिनीत उरल्या होत्या खांबांच्या खळग्या. त्यांवरूनच कुडाच्या घरांचे आराखडे जुळवले गेले. राजवाड्याचे भग्नावशेष उरतात, झोपडीच्या उरतात त्या खळग्या.

५/ आता पाहणीकडे. मृग लागण्यापूर्वी घराची तपासणी होई आणि तिचा क्रम ठरलेला असे. पहिली मेढ. जमिनीत पुरलेला भाग खोलवर तितका कुजत नाही, जितका जमिनीच्या पातळीशी कुजतो. कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र येतात. वाळवीही तिथूनच चढते. मेढ ठोकून पाहिली आणि पोकळ आवाज आला की ती बदलायची.

६/ दुसरे छप्पर. कुजलेले गवत काढून नवे घालणे म्हणजे शाकारणी. गवताखाली पळसाच्या पानांचा थर दिला की गळती कमी होते. पुढे कौले आली तेव्हा ती परतण्याचे काम आले : फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, पन्हळीत अडकलेला पालापाचोळा झाडायचा. साहित्य बदलले, पण पाहणीचा महिना तोच राहिला.

७/ तिसरा कूड आणि चौथे जोते. पागोळ्यांचे पाणी ज्या रेषेत पडते तिथे माती खचते आणि हळूहळू भिंतीचा पाया उघडा पडतो. म्हणून छपराच्या कडा खाली उतरत्या ठेवायच्या, जोते उंच करायचे आणि पाण्याला चर काढून द्यायचा. लिंपणाला तडे जाऊ नयेत म्हणून मातीत भाताचा तूस मिसळायचा. सारवणाचे श्रम मुख्यतः स्त्रियांचे, आणि ते वर्षभर चालत.

८/ चुलीचा धूरही या व्यवस्थेचा भाग होता. छपराला धुराचा थर बसला की बांबू पोखरणारा भुंगा दूर राहतो. त्याची किंमत मात्र चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे मोजत. गवताला आगीची भीती होती, कुडात उंदीर-सापांना वाट होती. हे घर आदर्श नव्हते. मात्र त्यातला प्रत्येक दोष त्यात राहणाऱ्यांना ठाऊक होता आणि त्याचा इलाज त्यांच्याच हाती होता.

९/ भिंतीवरच्या वारली चित्रांचा संबंधही याच दुरुस्तीशी आहे. लग्नाचा चौक सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाई, आणि नव्या सारवणाखाली जुने चित्र जाई. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर रंगवू लागले, तेव्हा ही कला प्रथमच भिंतीच्या आयुष्यापासून सुटी झाली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१०/ दुरुस्तीला तीन गोष्टी लागतात : साहित्य, वेळ आणि हक्क. साहित्य जंगलातून येई. कारवी साधारण सात वर्षांनी फुलते, बी धरते आणि मरते. वाळलेल्या काठ्या कुडाला लागत. म्हणजे घराच्या आयुष्याला जंगलाच्या चक्राची साथ होती. जंगलात जाण्यावर निर्बंध आले की घराच्या डागडुजीलाही निर्बंध येत.

११/ इथे दोन शेजारी तालुक्यांचा इतिहास वेगळा पडतो. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते. मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिश मुलखातील राखीव जंगलात परवानगीवाचून लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरून त्यावरचा हक्क मान्य केला. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

१२/ वेळेचे काय? भाताची कापणी संपली की या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाकारणीसाठी उरतात ते मोजके दिवस. शहराच्या भिंतींसाठी विटा पाडणाऱ्यांच्या स्वतःच्या भिंती सारवायच्या राहतात.

१३/ हक्काचे म्हणाल, तर सरकारी पाहणीचे रकाने वेगळे आहेत. २०११ च्या जनगणनेत घराची स्थिती तीन शब्दांत नोंदवली गेली : चांगली, राहण्याजोगी, मोडकळीस आलेली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिने कच्च्या भिंती व कच्चे छप्पर हा पात्रतेचा निकष धरला. किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर हे तिचे उद्दिष्ट. त्यामुळे अनेकांना सापाची, आगीची आणि गळतीची भीती नसलेले छप्पर मिळाले, हे नाकारता येणार नाही.

१४/ पण पक्के घरही पाहणी मागते. स्लॅबचा उतार चुकला की पाणी साचते, झिरपते. आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. पत्र्याखाली उन्हाळा सोसवत नाही. हे दोष वरून दिसत नाहीत आणि त्यांचा इलाज रानात मिळत नाही. त्यासाठी रोख पैसा लागतो. अनुदान मात्र बांधण्यासाठी असते, दरवर्षी सांभाळण्यासाठी नव्हे.

१५/ ‘पक्के’ या शब्दाची खरी परीक्षा भूकंपात होते. १९९३ साली किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. नोव्हेंबर २०१८ पासून याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी भागात, धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि अनेक घरांना तडे गेले. हलका कूड अशा वेळी लवतो, त्याचे लिंपण गळते. पण तो माणसाला चिरडण्याइतका जड नसतो.

१६/ कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्याला दरवर्षी हात लावावा लागतो ते. जुनी घरे आता झपाट्याने उतरवली जात आहेत. जव्हारला राजवाडा पाहायला जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी वाटेतल्या एखाद्या पाड्यावर थोडे थांबावे. मेढ कोणत्या लाकडाची, गवत कुठले, शेवटची शाकारणी कधी झाली, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. या इतिहासाचे दफ्तर तेच आहे.