स्थलांतरी जनुके व लघु आरएनए : साध्या प्राण्यांतील संरक्षणाचा इतिहास

सजीवाच्या जनुकसंचात (कोशिकेतील एकूण डीएनएमध्ये) एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणारे किंवा स्वतःच्या प्रती अन्यत्र घुसविणारे जे डीएनएचे तुकडे असतात, त्यांना स्थलांतरी जनुके (ट्रान्सपोझॉन) म्हणतात. असा तुकडा एखाद्या आवश्यक जनुकात शिरल्यास ते जनुक निकामी होऊ शकते. या तुकड्यांना आवर घालण्यासाठी प्राण्यांमध्ये सु. २० ते ३१ न्यूक्लिओटाइडे लांबीच्या लघु आरएनए रेणूंवर आधारलेली संरक्षण यंत्रणा आढळते. ही यंत्रणा किती प्राचीन आहे व मूलतः ती कोणत्या कोशिकांचे रक्षण करीत असावी, यासंबंधीचा महत्त्वाचा पुरावा स्पंज, जलव्याल (हायड्रा) यांसारख्या साध्या प्राण्यांपासून मिळाला आहे.

स्थलांतरी जनुकांचा शोध अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० नंतरच्या दशकात मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या अभ्यासातून लावला. त्याबद्दल त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या गोलकृमीत दुपदरी आरएनएमुळे जनुकाचे कार्य बंद पडते, असे दाखविले (नोबेल पारितोषिक, २००६). पुढच्याच वर्षी असे आढळून आले की, या आरएनए यंत्रणेत दोष असलेल्या काही कृमींमध्ये एरवी निद्रिस्त असणारी स्थलांतरी जनुके हालचाल करू लागतात. यावरून, ही यंत्रणा मुळात संरक्षणासाठी असावी या मतास बळकटी मिळाली.

प्राण्यांतील या कार्याचा मुख्य भार पायआरएनए या लघु रेणूंवर असतो. त्यांना हे नाव २००६ मध्ये मिळाले. हे रेणू पिवी नावाच्या प्रथिनांशी जोडलेले असतात. पायआरएनएची न्यूक्लिओटाइड-मालिका स्थलांतरी जनुकाच्या आरएनएला पूरक असते; त्यामुळे पिवी प्रथिनास आपले लक्ष्य नेमके सापडते व ते त्याचे तुकडे करते. त्या तुकड्यापासून पुन्हा नवा पायआरएनए तयार होतो. २००७ मध्ये फळमाशीत स्पष्ट झालेल्या या क्रमास ‘पिंग-पाँग चक्र’ म्हणतात. शत्रू जितका अधिक सक्रिय, तितकी त्याच्याविरुद्धची शस्त्रे अधिक, असे या चक्राचे स्वरूप आहे.

फळमाशी व उंदीर यांमध्ये पायआरएनए प्रामुख्याने जननकोशिकांत आढळतात. म्हणून पुढील पिढीकडे जाणाऱ्या जनुकसंचाचे रक्षण एवढेच त्यांचे कार्य मानले जात असे. परंतु २००८ मध्ये डेव्हिड बार्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांना स्पंजात व समुद्रपुष्पातही (सी ॲनेमोनीतही) पायआरएनए आढळले. हे प्राणिगट वंशवृक्षाच्या अगदी तळाशी वेगळे झालेले असल्याने, ही यंत्रणा प्राण्यांच्या सामाईक पूर्वजातच असली पाहिजे. ट्रायकोप्लॅक्स या अतिशय साध्या प्राण्यात मात्र पायआरएनए आढळले नाहीत. तेथे ती यंत्रणा नंतर नाहीशी झाली असावी.

जलव्यालाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकसंचाचा सु. ५७ टक्के भाग स्थलांतरी घटकांचा आहे. त्याच्या मूलकोशिका सतत विभागत राहतात आणि मुकुलनाने (शरीरावर फुटणाऱ्या कळीपासून) नवे प्राणी निर्माण होतात. म्हणजे देहकोशिकांत झालेली हानीही पुढे जाऊ शकते. अमेरिकेत सेलिना ज्युलियानो व त्यांचे सहकारी आणि सिंगापूर येथे तोशिए काई व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये जलव्यालातील पिवी प्रथिनांचे वर्णन केले. ही प्रथिने केवळ जननकोशिकांत नसून देहाच्या मूलकोशिकांतही असतात. बाह्य व आंतर आवरणाच्या कोशिकांतील एका पिवी प्रथिनाचे प्रमाण घटविले असता प्राणी मरण पावतो. तेव्हा दीर्घकाळ विभागणाऱ्या सर्वच मूलकोशिकांचे रक्षण हे या यंत्रणेचे प्राचीन कार्य असावे व जननकोशिकांपुरती तिची मर्यादा नंतर आली असावी, असे अनुमान निघते.

महाराष्ट्रातही जलव्यालाचा अभ्यास झाला आहे. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय जलव्यालाच्या एका प्रकाराचे वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून तो पुण्याच्या नावाने ओळखला जातो व पुनर्जनन, शरीर-अक्षाची घडण इत्यादींच्या संशोधनात वापरला जातो.

प्राचीन यंत्रणा सर्वत्र टिकतेच, असे नाही. गोलकृमींच्या अनेक शाखांत पायआरएनए लोप पावले असून तेथे अन्य लघु आरएनए हे काम करतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. यावरून साधन बदलू शकते. परंतु संरक्षणाची गरज मात्र सहसा संपत नाही, हे स्पष्ट होते.